डायडोचा विलाप पाच फुंकवाद्यांवर: बरोक ऑपेराचं रूपांतर कसं करावं

1782 च्या जुलैत मोझार्टने वडिलांना एक घाईतलं पत्र लिहिलं. त्याचा नवा ऑपेरा नुकताच व्हिएन्नात रंगमंचावर आला होता आणि पुढच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत त्याला तो फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी बसवायचा होता. नाहीतर दुसराच कोणीतरी ते काम आधी उरकेल आणि पैसे घेऊन जाईल. त्याच पत्रात तो सांगतो, की मूळ संगीत त्या वाद्यांना शोभेल असं करायचं आणि तरी त्याचा परिणाम कमी होऊ द्यायचा नाही, हे किती अवघड आहे याची तुम्हाला कल्पना नाही. त्याच वर्षी सम्राट दुसऱ्या जोसेफने दरबारात अशा वाद्यांचा आठ जणांचा संच नेमला होता: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून (खालच्या स्वरांचं लांब लाकडी वाद्य). गाजलेल्या ऑपेरातली गाणी हा संच जेवणावळींत आणि बागांत वाजवत असे.

बरोक ऑपेरा त्याही आधीचा, साधारण 1600 ते 1750 मधला. त्यातलं बहुतेक संगीत गळा, तंतुवाद्यं आणि हार्प्सिकॉर्डसारख्या जुन्या कळवाद्याची साथ यांच्यासाठी लिहिलेलं. ते फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून या आजच्या नेहमीच्या पंचकावर आणताना स्वर पोचतात की नाही हा प्रश्न लवकर सुटतो. रूपांतर फसतं ते श्वासावर. व्हायोलिनचा गज वर गेला की खाली येतो आणि स्वर न तुटता चालू राहतो. फुंकणाऱ्याला मात्र थांबावंच लागतं. तो कुठे थांबेल हे तुम्ही लिहिलं नाहीत, तर तो नको तिथे थांबेल. म्हणून विश्रामाच्या जागा ठरवणं हे रूपांतरकाराचं पहिलं काम, असं मी मानतो. बाकीचं त्यानंतर.

हे सगळं एका खऱ्या तुकड्यावर करून पाहू. हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड इनीअस' या ऑपेराचा शेवट घेऊ. हा ऑपेरा 1689 च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत, जोसायस प्रीस्ट या नृत्यशिक्षकाच्या मुलींच्या शाळेत झाला. शब्द नेहम टेट यांचे. शेवटी प्रियकर इनीअस निघून जातो, कार्थेजची राणी डायडो सखी बेलिंडाला बोलगाण्यात 'तुझा हात दे' म्हणते, आपला विलाप गाते आणि प्राण सोडते. मग समूहगान. तिन्ही मिळून सात-आठ मिनिटांचं संगीत. नवख्या संचाला झेपेल एवढं लहान, पण रूपांतराचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात सापडतात.

आधी स्कोअर (सगळ्या ओळी एकाखाली एक लिहिलेली स्वरलिपी) नीट निवडा

पर्सेलच्या हाताचं हस्तलिखित उरलेलं नाही. आपल्याला हा ऑपेरा त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झालेल्या नकलांतून कळतो, म्हणून छापील आवृत्त्यांमध्ये फरक दिसतात. पर्सेल 1695 मध्ये गेला, त्यामुळे मूळ संगीतावर कोणाचाच हक्क नाही. पण विसाव्या शतकातल्या संपादकांनी हार्प्सिकॉर्डसाठी लिहून काढलेली साथ, घातलेल्या लयीच्या खुणा, भरलेले जादा स्वर यांवर हक्क असू शकतो. 1889 ची पर्सेल सोसायटीची आवृत्ती विल्यम कमिंग्ज यांनी संपादित केली होती आणि ते 1915 मध्ये वारले. ती घेतली की चिंता नाही. दुसरी एखादी आवृत्ती शेजारी ठेवून शंका आली की ताडून पाहा, उतरवू मात्र नका.

मग मूळ संगीताचा सांगाडा काढा. वर गळ्याची ओळ, खाली दोन व्हायोलिन, व्हायोला आणि बास, असे पाच स्टाफ, म्हणजे स्वरलिपीच्या पाच ओळी. स्लर (स्वर जोडून वाजवायची कमान), गजाच्या खुणा, संपादकाने घातलेले मोठ्या-लहान आवाजाचे इशारे, सगळं पुसा. हा सांगाडा हाताने उतरवावा असा माझा आग्रह आहे. संगणकात थेट फाइल ओढली की नजर प्रत्येक स्वरावरून फिरत नाही, आणि व्हायोला कुठे एका मात्रेसाठी अडून बसलाय ते दिसतच नाही.

सांगाडा झाला की लगेच लक्षात येतं: विलापात खऱ्या अर्थाने पाचच ओळी आहेत आणि आपल्याकडे वाद्यंही पाचच. इथे मोह होतो की एकेक ओळ एकेका वाद्याला दिली की झालं. तसं केलंत तर पहिल्या बारपासून (बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधला तालखंड) शेवटपर्यंत कोणालाच उसंत मिळणार नाही.

खालचं आवर्तन

विलापाचा पाया म्हणजे पाच बारचं एक बास-आवर्तन. जी या स्वरावर सुरू होतं, अर्ध्या-अर्ध्या स्वराने डी पर्यंत उतरतं (जी, एफ शार्प, एफ, ई, ई फ्लॅट, डी) आणि मग वळून पुन्हा जी वर येऊन मिटतं. आपल्या कानाला ओळखीची गोष्ट आहे ही: ठेका तोच, वर सगळं बदलत राहतं. अशी अकरा आवर्तनं. पहिलं एकट्या बासचं, मधली आठ गळ्याबरोबर, शेवटची दोन नुसत्या तंतुवाद्यांची.

साहजिकच हे बसूनकडे जातं. बारमध्ये तीन मिनिम, म्हणजे तीन मात्रा. मिनिटाला 50 मिनिम धरल्या तर एका आवर्तनाला 18 सेकंद लागतात, अकरांना तीन मिनिटांहून थोडं जास्त. बसूनवाल्याने एवढा वेळ सलग, हळू आवाजात, सुरात वाजवायचं आहे. श्वास कुठे?

उत्तर पर्सेलच्याच लिखाणात आहे. आवर्तन जिथे मिटतं तिथे गळ्याचं वाक्य बहुधा मिटत नाही. ते जोडावरून पुढे सरकतं. म्हणून बसूनचा शेवटचा जी थोडा आखूड करून तिथे श्वास घेतला तर वरच्या ओळीच्या आड तो झाकला जातो. ही जागा स्वल्पविरामाच्या खुणेने प्रत्येक आवर्तनात लिहून टाका, वादकाच्या अंदाजावर सोडू नका. उतरणीच्या सहा स्वरांत मात्र श्वास अजिबात नको. तिथे फट पडली की सगळा पाया डळमळतो. 18 सेकंद पुरत नसतील तर लय थोडी वाढवा. मिनिटाला 56 ने विलापाचं काहीही बिघडत नाही. फार संथ वाजवलं की जास्त करुण होतं, हा समज गजाच्या वाद्यांनी रुजवलाय.

आता बोटांकडे पाहा. आवर्तनाचे पहिले दोन स्वर, जी आणि एफ शार्प, बसूनवर पहिल्या बोटाचं भोक अर्धं उघडून वाजतात. त्यानंतरचा एफ जवळजवळ मोकळा. मग ई फ्लॅट येतो तो फाटलेल्या बोटांचा, म्हणजे मधलं बोट उचलून. तो स्वर बहुतेक बसूनांवर जरा दबलेला असतो आणि सुराला डगमगतो. म्हणजे उतरण कागदावर सरळ दिसली तरी वाद्यावर प्रत्येक पायरीचा पोत वेगळा. म्हणून मी सगळ्या उतरणीवर एकच लांब स्लर घालत नाही. प्रत्येक स्वराला जिभेचा मऊ 'दू' लावायला सांगतो, मध्ये हवा न तोडता. स्लरमध्ये अर्धे स्वर एकमेकांत विरघळतात आणि ऐकणाऱ्याला पायऱ्या मोजता येत नाहीत. इथे पायऱ्या ऐकू यायलाच हव्यात.

बास क्लॅरिनेट मिळत असेल तर शेवटच्या दोन आवर्तनांत तो बसूनच्या जोडीला द्या, आधी नाही. गळा थांबल्यावर तळाचा रंग जरा गडद झालेला चांगला वाटतो.

गळ्याची ओळ कोणाला

डायडोची ओळ मधल्या डी पासून वरच्या जी पर्यंत फिरते. फ्लूटवर या पट्ट्यातला खालचा अर्धा भाग फिका पडतो, चार वाद्यांच्या खाली दबतो. एक सप्तक वर नेला तर ऐकू येईल, पण मग मरणाऱ्या राणीचं गाणं उरत नाही. तो मार्ग बंद समजा.

क्लॅरिनेटची अडचण वेगळी. 'व्हेन आय ॲम लेड' हे शब्द जी पासून हळूहळू वर चढतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला स्वर एक स्वर खाली वाजतो, म्हणून ते एक स्वर वर लिहावे लागतात, म्हणजे ए, बी, सी. लिहिलेला ए हा घशातला स्वर, पोकळ आणि दबका. आणि त्याच्या पुढच्याच स्वराला सगळी बोटं एकदम खाली यावी लागतात. म्हणजे विलापाचा पहिलाच शब्द वाद्याच्या सर्वांत नाजूक सांध्यावर. मुरलेला वादक ते सहज झाकेल. शिकाऊ वादकाला इथे उभं करू नका.

ओबोला हा पट्टा अगदी अंगाबरोबर बसतो. जी पासून वर त्याचा आवाज एकसंध, बोलका. फक्त ओळ खाली उतरते तेव्हा लक्ष द्या. ओबोचे खालचे स्वर हळू वाजत नाहीत, म्हणून तिथे बाकीच्यांना थोडं वर आणा. ओबोला 'आणखी हळू' अशी सूचना लिहून काही होत नाही.

ओबोचा श्वासही उलटा. फ्लूटवाल्याची हवा संपते. ओबोवाल्याची संपत नाही, उरते. रीडच्या बारीक फटीतून फार थोडी हवा जाते, छातीत वापरलेली हवा कोंडते आणि आधी ती बाहेर टाकायला वेळ लागतो. म्हणून ओबोला नुसता स्वल्पविराम पुरत नाही, खरा विश्राम लागतो.

तो मिळवायची सोय गाण्यातच आहे. विलापाचे दोन भाग, आणि दोन्ही दोनदा गायचे. प्रत्येक वेळी साधारण दोन आवर्तनं. मी वाटणी अशी करतो: पहिला भाग ओबो. त्याची पुनरावृत्ती क्लॅरिनेट, वादक पक्का असेल तर; घशातल्या स्वरांचा तो दबका रंग दुसऱ्यांदा ऐकताना खरं तर फार शोभतो, जणू राणीचा आवाज ओसरतोय. मग ओबोला अर्ध्या मिनिटाहून जास्त उसंत मिळते आणि 'रिमेंबर मी'ला तो ताजा परत येतो. दुसऱ्या भागाच्या पुनरावृत्तीतही ओबोच ठेवा. वरच्या जी वर जाणारं ते शेवटचं 'रिमेंबर मी' दुसऱ्या कोणाला देऊ नये. वाक्य मध्येच तोडून अर्धं एका वाद्याला, अर्धं दुसऱ्याला, असं तर कधीच नको. वाक्य एकाच्याच श्वासात जन्मावं आणि संपावं.

'रिमेंबर मी' हा भाग शब्दांशिवाय सर्वांत धोक्याचा. एकाच डी वर चार अक्षरं. गायिकेच्या तोंडी रि-मेम्-बर-मी असं आपोआप उठतं आणि पडतं. वाद्यावर नुसते चार सारखे ठोके होतात. उपाय सोपा: ओबोच्या पार्टमध्ये (त्याच्या एकट्याच्या प्रतीत) स्वरांखाली मूळ शब्द छापा. सॉफ्टवेअरमध्ये गीताची ओळ असतेच. 'मेम्' आणि 'मी' वर जरा लांबी, 'रि' आणि 'बर' हलके, हे खुणांनी सांगायला गेलं तर पान काळं होईल. शब्द दिसले की वादक स्वतःच करतो.

मधल्या ओळी आणि काय गाळायचं

उरली दोन व्हायोलिन आणि व्हायोला. पहिल्या व्हायोलिनचं काम फ्लूटला, दुसऱ्याचं क्लॅरिनेटला, व्हायोलाचं हॉर्नला. हॉर्नसाठी हा पट्टा आरामाचा आहे; फार खाली मात्र नेऊ नका, तिथे त्याचा स्वर लोकरीसारखा पसरतो. क्लॅरिनेट गाणं वाजवत असताना आणि ओबो गप्प असताना पाच ओळींना चारच वाद्यं उरतात. एक ओळ जाणार. कोणती?

इथे सांगाड्यावर पेन्सिल चालवावी लागते. पर्सेलचं दुःख मधल्या ओळींच्या अडण्यात आहे. खालचा बास पुढे सरकतो, वरचा एखादा स्वर आधीच्या सुरावटीतून उरलेला, तो बासला टोचतो आणि मग एक पायरी खाली येऊन सुटतो. असे सगळे अडलेले स्वर लाल करा. ते हलवता येतात, दुसऱ्या वाद्याला देता येतात, पण गाळता येत नाहीत, आणि त्यांची तयारी, टोचणी आणि सुटका तिन्ही एकाच वाद्याकडे हवी. मग निळ्या पेन्सिलने दुहेरी वाजणारे स्वर शोधा: बासचाच स्वर वर परत आलाय, पंचम दोघांकडे आहे. गाळायचं ते यातलं. असं करत गेलात की चौथ्या ओळीचा बराचसा भाग फ्लूट आणि हॉर्नमध्ये सामावतो, आणि मधूनच हॉर्नलाही दोन-तीन मात्रांची जागा मिळते.

आवाजाच्या खुणा प्रत्येक वाद्याला वेगळ्या लिहा. त्याच जागी ओबोला 'पियानो' (हळू), फ्लूटला 'मेझो फोर्ते' (मध्यम मोठं), हॉर्नला 'पियानिसिमो' (अगदी हळू) असं लिहावं लागेल. स्कोअरवर हे विचित्र दिसतं, ऐकताना सारखं होतं.

हार्प्सिकॉर्ड गेलं की तिथले भरीव कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगट) जातात. 'दाय हँड, बेलिंडा' या आधीच्या बोलगाण्याला तर फक्त बास आणि आकड्यांतली साथ (बासजवळ आकडे लिहून सुचवलेले कॉर्ड). तिथे ओबो गळा, बसून बास, आणि क्लॅरिनेट-हॉर्नचे हळू धरलेले स्वर. ते सगळा वेळ धरू नका. बदल आला की दोन मात्रा, मग शांतता. ओबोला लयीत बांधू नका, बाकीच्यांच्या पार्टमध्ये त्याची ओळ लहान अक्षरांत छापा म्हणजे ते त्याच्याकडे पाहून बदलतील. विलापाचं पहिलं आवर्तन मात्र मी उघडंच ठेवतो. एकटा बसून. तिथे कॉर्ड भरण्याचा मोह खूप होतो, पण श्रोत्याला ती उतरण एकदा नागडी ऐकू द्यावी.

समूहगान

'विथ ड्रूपिंग विंग्ज' मध्ये तंतुवाद्यं गायकांच्याच चार ओळी वाजवतात. म्हणजे चार ओळी, पाच वाद्यं: आता कोणीतरी एक नेहमी विश्रांती घेऊ शकतो. ओबो शेवटच्या वाक्याशिवाय बाहेर ठेवा. गळून पडणाऱ्या पंखांच्या त्या उतरत्या सुरावटी एकामागून एक येतात; प्रत्येक प्रवेश ऐकू यावा म्हणून आधीचा वादक प्रवेशाच्या क्षणी मागे हटेल असं लिहा. 'नेव्हर पार्ट' जवळचे छोटे विश्राम पर्सेलचेच आहेत, ते तसेच ठेवा. तिथे सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यावा, आणि तो ऐकू आला तरी चालेल.

स्वरपट्टी आणि पार्ट

हे सगळं जी मायनरमध्ये आहे, आणि ते आपल्या भाग्याचं. क्लॅरिनेटला ए मायनर, हॉर्नला डी मायनर, दोन्ही सोपे. दुसरे तुकडे घेताना इतकं सुदैव नसतं. ट्रम्पेट असलेली डी मेजरमधली गाणी क्लॅरिनेटला ई मेजरमध्ये, चार शार्पांत, जातात. ती एक स्वर खाली सी मेजरमध्ये आणा. आज जुन्या वाद्यांवर बरोक वाजवणारे बहुधा ए 415 हर्ट्झला लावतात, म्हणजे आपल्या 440 पेक्षा अर्धा स्वर खाली. त्यामुळे खाली आणण्यात संकोच नको. हँडेलच्या 'रिनाल्डो'तलं (1711) 'लाश्या किओ पियांगा' एफ मेजरमध्ये आहे, ते आहे तसंच घ्या. विलापानंतर दुसरा धडा म्हणून उत्तम. नाचाचे तुकडे हवे असतील तर याच ऑपेरातला बी फ्लॅट मेजरमधला खलाशांचा नाच.

आपल्याकडे ओबो आणि बसून वाजवणारे थोडे. गोव्यात चर्चच्या फेस्तांना वाजवणारे बँड, पोलीस बँड, लग्नाचे बँड यांतून क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम, ट्रम्पेट मात्र सहज भेटतात. मग ओबोची ओळ सोप्रानो सॅक्सला, मधल्या ओळी दोन क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सला (त्याचा पार्ट ई मायनरमध्ये), बास युफोनियमला. युफोनियमचा स्वर गोल, उतरणीला शोभणारा, पण हवा बसूनपेक्षा पुष्कळ जास्त खातो. दोन युफोनियम मिळाले तर आवर्तनं आलटून-पालटून द्या: एकाचा शेवटचा जी वाजत असतानाच दुसऱ्याने पुढचा सुरू करायचा. ट्रम्पेटला विलापात काम नाही.

म्यूझस्कोर हा स्वरलिपी लिहायचा प्रोग्राम फुकट आहे आणि या कामाला पुरतो. सगळं मूळ स्वरांत लिहा, पार्ट काढताना तो आपोआप बदलून देतो. फक्त संगणकाने वाजवून दाखवलेल्यावर भिस्त ठेवू नका; त्याला श्वास लागत नाही, म्हणून तुमची प्रत्येक चूक त्यात सुंदर वाजते. त्याऐवजी प्रत्येक ओळ स्वतः गाऊन पाहा, लयीत, उभं राहून. जिथे तुमचा दम संपेल तिथे वादकाचाही संपेल.

प्रत्येक पार्टमध्ये आवर्तनाच्या सुरुवातीला 1 ते 11 आकडे चौकटीत घाला. बसूनवाल्याचे पंचावन्न बार अगदी सारखे दिसतात. आकडे नसतील तर तो सातव्या आणि आठव्यात हरवणारच. पान उलटायची जागा विश्रामावर आणा, आणि बसूनला विश्राम नाही म्हणून त्याचा विलाप एकाच पानावर बसवा.

तालीम

पहिल्या तालमीत वरच्या ओळींना हात लावू नका. तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचवर लावा, म्हणजे सा जी वर आणि पंचम डी वर. बसूनने त्यावर उतरण वाजवायची. सा आणि प स्थिर बसले की मधले चार स्वर कुठे उंच, कुठे खाली पडतात ते लगेच कळतं. ई फ्लॅटला बहुधा बोट बदलून पाहावं लागेल. मग तीच उतरण पाचही जणांनी एकेकट्याने, आपापल्या सप्तकात. ज्याने स्वतः पायऱ्या वाजवल्यात तो पुढे त्यांच्यावर पाय टाकताना जपतो.

दुसऱ्या तालमीत बसून आणि मधल्या तीन ओळी, ओबोशिवाय. लाल केलेला प्रत्येक स्वर टोचतोय का ऐका. वादकांची सवय असते टोचणाऱ्या स्वराला मऊ करायची. उलट त्यावर जरा भार द्यायचा आणि सुटकेच्या स्वरावर सोडायचं. ओबो तिसऱ्या तालमीला बोलवा, आणि त्याआधी त्याला गाण्याचे शब्द पाठ करायला द्या.